मोटारमालकांची मते आणि वस्तुस्थिती : इंजिन ऑईल, फिल्टर व टायर यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० भारतीय रस्त्यांवर आली आणि मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. मोटारीबरोबरच तिच्या देखभालीविषयीची मतेही घरोघरी रुजली. ही मते पुस्तिका वाचून नव्हे, तर गॅरेजमधील मिस्त्री, पेट्रोल पंप, नातेवाईक व शेजारी यांच्या अनुभवातून तयार झाली. त्यांपैकी बरीच मते निराधार नव्हती. मात्र वाहनाचे तंत्र बदलले आणि मते तशीच राहिली. या तफावतीची किंमत कधी पैशात, तर कधी जिवाने मोजावी लागते. म्हणून या मतांची शास्त्रीय तपासणी आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :
१) ऑईल, फिल्टर व टायर यांविषयीच्या प्रचलित मतांचा परामर्श घेणे.
२) त्या मतांमागील कारणे शोधणे.
३) मोटारमालकांसाठी व्यवहार्य सूचना करणे.

इंजिन ऑईल :
'ऑईल जितके जाड तितके इंजिन सुरक्षित' हे पहिले मत होय. झिजलेल्या जुन्या इंजिनात भागांमधील फट वाढलेली असते. तेथे जाड ऑईलने आवाज व गळती कमी होत असे. आधुनिक इंजिनातील फटी मात्र सूक्ष्म असतात. सकाळी इंजिन सुरू होताच ऑईल वरच्या भागांपर्यंत त्वरित पोहोचणे गरजेचे असते आणि जाड ऑईलला तेथे पोहोचण्यास विलंब लागतो. डब्यावरील '५डब्ल्यू-३०' या संज्ञेतील 'डब्ल्यू' हा हिवाळा दर्शवितो. त्यापूर्वीचा अंक थंडीतील, तर नंतरचा अंक १०० अंश सेल्सिअस तापमानातील प्रवाहीपणाची श्रेणी सांगतो.

'ऑईल काळे झाले म्हणजे निकामी झाले' हे दुसरे मत. वस्तुतः ऑईलमधील स्वच्छताकारक द्रव्ये काजळी स्वतःत धरून ठेवतात. विशेषतः डिझेल इंजिनात ऑईल लवकर काळे पडणे हे ते आपले काम करीत असल्याचे लक्षण असू शकते. म्हणून रंगापेक्षा पुस्तिकेतील किलोमीटर व महिने यांची मर्यादा प्रमाण मानावी. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर आला. त्यात राख साचू नये म्हणून अशा मोटारींना कमी राखेचे ऑईल लागते. येथे 'कोणतेही चांगले ऑईल चालते' हे मत महागात पडते.

फिल्टर :
एअर फिल्टर तुंबला की मायलेज घटते, असे सर्रास मानले जाते. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात तथ्य होते. आज हवेच्या प्रमाणानुसार संगणक इंधन मोजून देतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ मधील अहवालानुसार, तुंबलेल्या फिल्टरमुळे अशा पेट्रोल मोटारींच्या मायलेजवर लक्षणीय परिणाम होत नाही. परिणाम होतो तो वेग घेण्याच्या क्षमतेवर.

याउलट, वारंवार हवेच्या जोरदार झोताने फिल्टर साफ करणे हितकारक मानले जाते. या झोताने कागद फाटू शकतो आणि बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन झीज घडविते. ऊसतोडणीच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या मोटारीचा फिल्टर लवकर बदलणे हाच योग्य उपाय होय. ऑईल फिल्टरबाबत 'एका आड एक वेळी बदलला तरी चालेल' ही काटकसरही फसवी आहे. तो तुंबल्यास झडप उघडते व न गाळलेले ऑईल इंजिनात फिरते.

टायर :
'उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून हवा कमी ठेवावी' हे मत विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात विशेष ऐकू येते आणि तेच सर्वाधिक घातक आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत अधिक दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती सतत वाकतात व त्यातून उष्णता निर्माण होते. टायर फुटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. धावताना वाढणाऱ्या दाबाचा विचार उत्पादकाने आधीच केलेला असतो. म्हणून टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील तक्त्यानुसार हवा भरावी. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, शिफारशीचा नव्हे. समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ रस्त्यावर दीर्घकाळ वेगाने जाताना ही चूक जिवावर बेतू शकते.

नायट्रोजनविषयीही अवाजवी अपेक्षा दिसते. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नियमित दाब तपासणीला तो पर्याय नाही. 'नक्षी दिसते म्हणजे टायर चांगला' हेही अर्धसत्य आहे. खाचांची खोली १.६ मि.मी.वर आल्यास टायर बाद समजावा. पावसाळ्यात त्याआधीच पकड घटू लागते. टायरवरील चार अंकी क्रमांकातील पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा व पुढील दोन वर्ष दर्शवितात. कमी धावलेल्या मोटारीचे रबरही वयाने कडक होते.

निष्कर्ष व सूचना :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मोटारमालकांची मते अज्ञानापेक्षा कालबाह्य अनुभवातून आलेली आहेत. अनुभव टाकून देऊ नये. तो आपल्याच मोटारीच्या पुस्तिकेशी पडताळून घ्यावा. ऑईलची श्रेणी टिपून ठेवणे, फिल्टर वेळेवर बदलणे आणि महिन्यातून एकदा व लांबच्या प्रवासापूर्वी टायरचा दाब तपासणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. ऑईल व फिल्टरमधील चूक बहुधा इंजिनाचे आयुष्य घटविते; टायरमधील चूक माणसाचे. म्हणून काटकसर करावयाचीच झाल्यास ती टायरवर करू नये.