कोठारात झोपलेल्या मोटारी

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावर चढण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे येते. यंदा मदतीला पुतण्याला हाक मारली, तर स्वारी टीव्हीसमोर बसलेली! पडद्यावर एक झकास मोटार रस्ता सोडून झुडपांतून गोल गोल फिरत होती.

"अरे, शर्यत रस्त्यावर चाललीय. तू रानात काय करतोस?"

"कोठार शोधतोय, काका!"

झाले! माळा राहिला बाजूला आणि मीही तिथेच बसलो.

खेळाचे नाव 'फोर्झा होरायझन ५'. इंग्लंडच्या प्लेग्राउंड गेम्स या कंपनीने तो २०२१ साली आणला. यात मेक्सिकोची भूमी उभी केली आहे. ग्वानाह्वातोच्या चढउतारांच्या गल्ल्या, वाळवंट, जंगल, ज्वालामुखी, सारे आहे. शर्यतीत धावा, नाहीतर वाट फुटेल तिकडे भटका! २०१२ साली निघालेल्या या मालिकेच्या पहिल्या खेळात अमेरिकेतले कोलोरॅडो होते, आणि तिथेही नऊ कोठारांत नऊ जुन्या मोटारी दडवलेल्या होत्या. तेव्हापासून ही प्रथा चालू आहे.

गंमत अशी, की कोठाराचा नेमका पत्ता कोणी देत नाही. 'अमुक भागात एक जुनी गाडी पडून आहे म्हणे,' एवढी कुणकुण लागते आणि नकाशावर एक मोठे वर्तुळ उमटते. पुढचे ज्याचे त्याने पाहावे. झाडीआडचे छप्पर दिसते, दारे उघडतात आणि धुळीने माखलेली मोटार समोर येते. मग ती कारागिराकडे जाते. काही वेळाने निरोप येतो, की गाडी तयार आहे.

साऱ्या कोठारांचे पत्ते आज फोनवर घटकेत मिळतात. मी तसे सुचवले, तर चिरंजीव म्हणाले, "मग शोधायचं काय राहिलं?" मला उत्तर सुचले नाही.

ही कल्पना खेळ रचणाऱ्यांच्या डोक्यातूनच निघाली, असे मात्र नव्हे. खऱ्या जगातही अशी कोठारे उघडतात. फ्रान्सच्या पश्चिम भागात २०१४ साली एका जागेत तब्बल ६० जुन्या मोटारी सापडल्या. रोजे बायों नावाच्या वाहतूक व्यावसायिकाने त्या १९५० च्या दशकापासून जमवल्या होत्या. मोटारींचे मोठे संग्रहालय उभारावे, ही त्याची हौस. पण १९७० च्या दशकात धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या कशाबशा उभारलेल्या छपरांखाली गंजत राहिल्या. संग्रहालय काही झाले नाही. त्यांतली एक फेरारी तर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली होती! २०१५ साली पॅरिसच्या लिलावात तिला १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किंमत आली.

मी हे रंगवून सांगत होतो. मला वाटले, आकडा ऐकून पोरगा थक्क होईल. त्याने विचारले ते निराळेच. "मग त्या बायोंना संग्रहालय बघायला मिळालंच नाही?"

"नाही रे."

खेळातले कोठार आणि खरे कोठार यांतला फरक त्या पोराने एका प्रश्नात दाखवला. खेळात दार उघडले, की गाडी आपली. ती तिथे कोणी ठेवली, का ठेवली, पुन्हा बाहेर काढायची म्हणून किती वर्षे वाट पाहिली, हे सहसा कोणी विचारत नाही. खऱ्या कोठारात मात्र गाडीशेजारी कोणाची तरी राहून गेलेली इच्छा उभी असते.

खेळात सापडणाऱ्या मोटारींत एक साधी फोक्सवॅगन बीटलही आहे. मेक्सिकोत तिला लाडाने 'वोचो' म्हणतात. एके काळी तिथल्या राजधानीत टॅक्सी म्हणून हीच धावे. प्वेब्लाच्या कारखान्यातून शेवटची जुनी बीटल ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली, तेव्हा जगभरात तयार झालेल्या तिच्या बहिणींची संख्या २ कोटी १५ लाखांवर गेली होती. फेरारी मोजक्यांनी पाहिली. वोचोत बसून मात्र तिथली कुटुंबेच्या कुटुंबे बाजारहाटाला गेली, गावी गेली.

संध्याकाळी पुतण्याची वोचो दुरुस्त होऊन आली. एरवी वाऱ्याशी पैजा लावणारा हा गडी ती गाडी ग्वानाह्वातोच्या गल्ल्यांतून अगदी सावकाश चालवत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे माळ्यावर चढलो. गठ्ठ्यांमागून एक जुना रेडिओ निघाला. मी तो भंगारात टाकायला उचलला, तोच खालून आवाज आला, "थांबा काका! हा कोणाचा होता, ते आधी सांगा."