दारावरची थाप

‘मॅकबेथ’मध्ये डंकन राजाचा खून प्रेक्षकाला दिसत नाही. सगळं नाटक ज्या एका कृत्याभोवती फिरतं, ते आत, बंद दाराआड उरकलं जातं. बँकोवर आपल्यासमोर वार होतात, मॅकडफच्या पोराला आईदेखत भोसकतात आणि अखेरीला खुद्द मॅकबेथचं मुंडकं आणून दाखवतात. तेव्हा शेक्सपिअरला रक्ताचं वावडं होतं, असं म्हणायची सोय नाही. ‘टायटस अँड्रॉनिकस’ लिहिणाऱ्या माणसाबद्दल तर नाहीच नाही. तरी हा मुख्य खून त्यानं आपल्या नजरेआड ठेवला आणि कानांवर सोपवला. असं का, या प्रश्नाच्या मागे मी कॉलेजात असल्यापासून लागलो आहे. घरच्यांनी आता हा विषय काढायला बंदी घातली आहे, म्हणून इथे लिहितो.

पार्श्वभूमी झटपट सांगून टाकतो. नाटक साधारण १६०६चं. स्कॉटलंडचा जेम्स १६०३ साली इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि शेक्सपिअरची मंडळी ‘राजाची माणसं’ झाली. १६०५च्या नोव्हेंबरात संसदेखाली दारू ठासून राजासकट सगळ्यांना उडवून देण्याचा कट उघडकीला आला. राजहत्येचं नाटक या हवेत लिहिलं गेलं. छापील संहिता १६२३च्या फोलिओतली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी आलेली, आणि त्याच्या शोकांतिकांमध्ये सर्वांत आखूड: ‘हॅम्लेट’च्या जवळपास निम्मी. अ‍ॅरिस्टॉटल, शोकांतिकेचा नायक, त्याच्या हातून होणारी चूक वगैरे सगळं आपण बी.ए.ला पाठ केलेलंच आहे. ते सोडून देऊ.

खरी मौज आहे होलिनशेडच्या बखरीत. राफेल होलिनशेडच्या नावानं निघालेल्या या जाडजूड इतिवृत्ताची १५८७ची आवृत्ती शेक्सपिअरच्या हाताशी होती. बखर एका बाजूला आणि नाटक दुसऱ्या बाजूला ठेवून वाचलं, तर लेखक काय काय गाळतो ते दिसत जातं. बखरीतला डंकन मऊ, ढिला राजा आहे. त्याच्या हातून राज्य आवरत नाही. मॅकबेथ त्याचा मावसभाऊ, आणि गादीवर त्याचा थोडाफार हक्कही आहे, कारण वारस लहान असेल तर जवळच्या नातलगानं राज्य करावं असा जुना कायदा होता. डंकन आपल्या अल्पवयीन मुलाला युवराज नेमतो आणि मॅकबेथच्या हक्कावर पाणी फिरवतो. बँको डंकनला मारण्याच्या कटात सामील आहे. एवढं करून गादी मिळाल्यावर मॅकबेथ दहा वर्षं चांगलं राज्य करतो, कायदे करतो, चोरट्यांचा बंदोबस्त करतो.

यातलं शेक्सपिअरनं काय ठेवलं? जवळजवळ काहीच नाही. डंकन म्हातारा, गोड, सत्शील केला. हक्काची भानगड काढून टाकली. बँकोला निर्दोष केलं, आणि त्यामागे तर साधा व्यवहार होता: जेम्स राजा स्वतःला बँकोचा वंशज समजत असे. दहा वर्षांची चांगली कारकीर्द पुसली. खुनाची रीतही दुसऱ्याच राजाच्या गोष्टीतून उचलली. डफ नावाच्या राजाला डॉनवाल्ड नावाच्या सरदारानं बायकोच्या चिथावणीवरून, पहारेकऱ्यांना दारू पाजून, स्वतःच्या गढीत पाहुणा असताना मारवलं होतं. म्हणजे सबबी होत्या तेवढ्या वगळल्या आणि गुन्हा काळा करणारं जे सापडलं ते आयात केलं. खुनाआधीच्या स्वगतात मॅकबेथ स्वतःच हिशेब मांडतो: हा माझा नातलग, माझा राजा, माझा पाहुणा, वर स्वभावानं भला. खून करू नये याची इतकी कारणं, आणि करावा याला फक्त एकच, महत्त्वाकांक्षा. मोजून बघतो, समजतो आणि तरी जातो. अज्ञानामुळे फसलेला नायक इथे शोधून सापडत नाही.

इथे थोडं विषयांतर करतो. खरा मॅकबेथ बराच बरा माणूस असावा. त्यानं १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं राज्य केलं. डंकनला त्यानं झोपेत मारलं नाही. एल्गिनजवळच्या लढाईत डंकन पडला, आणि तो म्हाताराही नव्हता. १०५० साली मॅकबेथ रोमला यात्रेला गेला आणि तिथे गोरगरिबांत पैसा वाटला अशी नोंद आहे. डळमळत्या गादीवरचा राजा राज्य टाकून इतक्या लांब जाईल का? त्याच्या बायकोचं नाव ग्रूआख. पहिल्या नवऱ्यापासून झालेला तिचा मुलगा लूलाख मॅकबेथच्या पश्चात काही महिने राजाही होता. स्कॉटिश माणसासमोर हा विषय काढून बघा, चहा गार होईपर्यंत ऐकावं लागतं. मला मात्र या अन्यायाचं फारसं वाईट वाटत नाही. चांगला राजा इतिहासाच्या एका पानावर मावला असता.

आता त्या रात्रीकडे वळू. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला चंद्र मावळलेला आहे, बारा वाजून गेले आहेत. बँको झोपायला जाता जाता राजानं यजमानीणबाईंसाठी दिलेला हिरा मॅकबेथच्या हाती देतो. हा हिरा मला फार छळतो. थोड्या वेळात ज्याला मारायचं, त्यानंच बायकोला पाठवलेली भेट हातात घेऊन हा माणूस उभा आहे. मग तो हवेत तरंगणारा खंजीर. त्याच्यावर एवढी शाई खर्ची पडली आहे की मी भर घालत नाही. मग घंटा वाजते. बायकोनं दिलेली खूण. तो आत जातो.

रंगमंचावर राहते ती एकटी बाई, आणि ती ऐकते आहे. घुबड ओरडतं, ती दचकते. आतून नवऱ्याची हाक येते, तिला वाटतं पहारेकरी जागे झाले. खंजीर तिनंच काढून ठेवले होते. झोपलेला राजा तिच्या वडिलांसारखा दिसला नसता, तर काम तिनंच उरकलं असतं, असं ती याच वेळी बोलून जाते. तो बाहेर येतो आणि दोघांचं बोलणं सुरू होतं: तुटक, एका-एका शब्दाचं. काही आवाज ऐकलास का? कधी? आत्ता? मी खाली येताना? राजा मारून आलेल्या माणसाचा पहिला विषय आवाज हा आहे. पुढे तो जे सांगतो तेही सगळं कानावर पडलेलं. कुणीतरी झोपेत हसलं, कुणी खून म्हणून ओरडलं, मग दोघांनी प्रार्थना पुटपुटली आणि याच्या घशातून ‘आमेन’ काही निघेना. त्यानंतर कुणाची तरी घरभर घुमणारी आरोळी: याला आता झोप नाही. बायको व्यवहारी आहे. तिचं लक्ष हातांकडे आहे आणि त्यानं वेड्यासारख्या सोबत आणलेल्या खंजिरांकडे. ते परत ठेवायला तो धजत नाही, म्हणून ती जाते. आणि तो एकटा उरला असताना दारावर थाप पडते.

या थापेवर टॉमस डी क्विन्सीनं १८२३ साली एक छोटा निबंध लिहिला. माझ्या मते शेक्सपिअरवर इतक्या कमी पानांत इतकं मोलाचं दुसरं कुणी लिहिलेलं नाही. त्याचं म्हणणं असं की, खुनाच्या वेळी त्या घरातला काळच थांबलेला असतो. जगाचा नेहमीचा व्यवहार तोडून ही दोघं वेगळ्याच प्रदेशात गेलेली असतात. थाप पडते तेव्हा जग पुन्हा सुरू होतं, आणि ते थांबलं होतं हे आपल्याला तेव्हाच कळतं. त्यानं दाखला दिला तो लंडनमधल्या रॅटक्लिफ हायवेवरच्या १८११च्या हत्याकांडाचा. दुकानदाराच्या घरातली माणसं मारली गेली तेव्हा मोलकरीण कालवं आणायला बाहेर गेली होती. परत येऊन ती दार ठोठावत राहिली.

आणि ते दार उघडायला नाटकात कोण येतो? एक झिंगलेला द्वारपाल. आपण नरकाच्या दारावर नोकरीला आहोत अशी कल्पना करून तो एकेका पाप्याला आत घेतो. त्यात एक दुटप्पी बोलणारा आहे. प्रेक्षकांना लगेच फादर गार्नेट आठवला असणार. स्फोटाच्या कटाबद्दल या जेझुइटाला मे १६०६ मध्ये फाशी दिलं होतं, आणि शपथेवर दुहेरी अर्थानं बोलणं पाप नाही अशी त्याची भूमिका खटल्यात गाजली होती. कोलरिजसारख्या कवीला हा प्रवेश इतका हिणकस वाटला की, तो शेक्सपिअरचा नाहीच असं त्यानं ठरवून टाकलं. एका हौशी संस्थेच्या प्रयोगात मी तो सबंध कापलेला पाहिला. तिकिटाचे पैसे मागायची इच्छा झाली. अहो, मॅकबेथला हात धुवायला, कपडे बदलायला वेळ लागतो, तेवढ्यापुरतं तरी द्वारपालाला बोलू द्या! दार उघडल्यावर तरणा लेनॉक्स रात्रीच्या वादळाचं, धुराडी कोसळल्याचं, हवेतल्या किंकाळ्यांचं रसभरीत वर्णन करतो. त्यावर मॅकबेथचं उत्तर एवढंच की, रात्र वाईट होती खरी. या वाक्यावर हशा येतो. आलाच पाहिजे.

सारा सिडन्स या अभिनेत्रीनं लिहून ठेवलेली एक आठवण इथे सांगायचा मोह आवरत नाही. विशीच्या आसपास ती मॅकबेथच्या बायकोची भूमिका प्रथमच पाठ करत होती, रात्री, घरातली सगळी झोपल्यावर. खुनाच्या प्रवेशापर्यंत आली आणि घाबरून वर पळाली. जिना चढताना स्वतःच्याच रेशमी कपड्यांची सळसळ तिला भुतासारखी मागे लागली. कपडे न बदलता तशीच ती अंथरुणात शिरली. पुढे १७८५ मध्ये ड्रुरी लेनला तिनं ही भूमिका केली तेव्हा झोपेत चालण्याच्या प्रवेशात तिनं हातातली मेणबत्ती खाली ठेवली. त्याआधीच्या अभिनेत्री ती हातात धरून ठेवत. थिएटरचे चालक शेरिडन आयत्या वेळी विनवायला आले, पण बाई ऐकेनात. मेणबत्ती हातात असताना हात चोळून धुणार कसे? प्रयोगानंतर शेरिडननीच तिचं अभिनंदन केलं.

आपल्याकडे हे नाटक लवकर आलं. शि. म. परांजप्यांचं ‘मानाजीराव’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ १९५४चा. त्यात नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे होत्या. हा प्रयोग पाहिलेल्या माणसांचा मला विलक्षण हेवा वाटतो. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ हे रूपांतर नव्हे, पण राघोबा आणि आनंदीबाई लिहिताना त्यांच्या मनात स्कॉटलंडचं ते जोडपं नव्हतं, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. फरक असा की राघोबांना सबबी आहेत. पेशवाईवर त्यांचा दावा आहे, अटकेपर्यंतचा पराक्रम आहे, पकडण्याचा हुकूम मारण्याचा झाल्याची आख्यायिका आहे. त्यांना जाब विचारायला बाहेरून रामशास्त्री यावे लागतात. मॅकबेथला रामशास्त्र्यांची गरज पडत नाही. देहान्त प्रायश्चित्त तो खुनाआधीच स्वतःला सुनावून बसला आहे. विशाल भारद्वाजच्या ‘मकबूल’मध्ये तर मुंबईच्या टोळीतला नायक अब्बाजीच्या रखेलीच्या प्रेमात आहे. पंकज कपूरचा अब्बाजी मी कितीही वेळा बघू शकतो, पण प्रेम आलं की सबबही आली. शेक्सपिअरनं मेहनतीनं काढून टाकलेली वस्तू रूपांतरकार पुन्हा पुन्हा परत आणून ठेवतात, असं मला वाटत आलं आहे.

मुलाकडे गेलो असताना हट्टानं बर्नमला गेलो, नाटकात ज्याचं रान मॅकबेथच्या डनसिनेनच्या गढीवर चालून येतं त्या गावाला. टे नदीकाठी जुन्या रानातला एक प्रचंड ओक उरला आहे. त्याच्या खालच्या फांद्यांना लाकडी टेकू दिले आहेत आणि बुंधा खालून पोकळ आहे. ‘पीटर रॅबिट’ची गोष्ट बिअ‍ॅट्रिक्स पॉटरनं १८९३ साली एका आजारी मुलाला पत्रात लिहिली तीही इथूनच, शेजारच्या डन्केल्डहून. गावातली बहुतेक पोरं सशासाठीच आली होती. डनसिनेनची टेकडी इथून वीसेक किलोमीटरवर आहे. माथ्यावर प्राचीन गढीचे उंचवटे, कुशीत दगडाची खाण. फांद्या डोक्यावर धरून एवढं अंतर चालणाऱ्या सैनिकांची मला तिथे पहिल्यांदा कीव आली.

त्या टेकडीवरच्या पाचव्या अंकात कानांची गोष्ट पुरी होते. आधी बाई. वैद्य आणि दासी लपून बघताहेत. ती झोपेत चालते, हात चोळते, रक्ताचा वास जाईना म्हणते आणि जाता जाता नवऱ्याला घाईनं अंथरुणाकडे नेते, कारण दारावर कुणीतरी ठोठावतं आहे. दारावर कुणीच नाही. ती त्या रात्रीचीच थाप आहे. तेव्हा तीच शांत होती, पाण्यानं हात धुतले की झालं म्हणाली होती. आता तिच्या कानातून ती जात नाही.

मग मॅकबेथ. आत बायका आक्रोश करतात आणि तो चौकशी करतो, कसला आवाज? पुढे तो स्वतःच नोंदवतो की एके काळी रात्रीची किंकाळी ऐकून माझं अंग गार पडत असे, आता भीतीची चवही आठवत नाही. प्रत्येक आवाजाला दचकणारा तो हाच माणूस. त्याचं किती गेलं, हे मला इथे रक्ताच्या कुठल्याही हिशेबापेक्षा जास्त स्पष्ट कळतं. राणी गेल्याची खबर येते. त्यावर उद्या, परवा, तेरवा असं सरपटत जाणाऱ्या दिवसांचं ते सुप्रसिद्ध भाषण होतं. नट या जागी गहिवरतात, टाळ्याही घेतात. माझं मत उलट आहे. इथे आवाज भरून येता कामा नये. भाषण संपतं न संपतं तोच निरोप्या आत येतो, आणि मॅकबेथ त्याला दरडावतो की बोलायला आला आहेस ना, मग चटकन बोल. बायकोचा विषय तो पुन्हा काढत नाही. तिचं नाव निघतं ते नाटकाच्या अगदी शेवटच्या भाषणात, डंकनच्या मुलाच्या, माल्कमच्या तोंडून, आणि तेही राक्षसीण म्हणून.