डोलकाठीत अडकलेले शीड

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, तरी हा वारा बघता बघता जोर धरतो. या भागात भाड्याने मिळणाऱ्या शिडाच्या नौका पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकींचे मुख्य शीड डोलकाठीच्या पोटातच गुंडाळले जाते. वारा वाढला की दोर ओढून शीड लहान करायचे. पण कधी कधी निम्मे शीड आत जाते आणि मग ते ना आत सरकते ना बाहेर येते.

हे गंभीर का, ते आधी पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग सेकंदाला 10 मीटर असताना वाऱ्याला आडव्या धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 60 न्यूटन बल पडते. वेग 15 मीटर झाला की सुमारे 135. म्हणजे बाहेर राहिलेल्या 15 चौरस मीटर शिडावर आधी 90 किलो वजनाइतका रेटा असेल, तर आता 200 किलोइतका होतो. कोकणातल्या जुन्या शिडाच्या होडीत अशा वेळी दोर सैल सोडला की परबाण शिडासकट खाली येते. इथे तसे करता येत नाही, कारण शिडाची एक बाजू डोलकाठीच्या आत वळकटी होऊन बसलेली असते.

ही डोलकाठी म्हणजे पोकळ नळी. तिच्यात एक उभा दांडा फिरतो आणि शीड त्याच्यावर गुंडाळले जाते. नळीला मागच्या बाजूने अरुंद उभी खाच असते, तिच्यातून शीड आत-बाहेर करते. शिडाचा मागचा खालचा कोपरा एका दोराने आडव्या काठीच्या, म्हणजे बूमच्या, टोकाकडे ओढलेला असतो. या दोराला आपण ओढदोर म्हणू. दांडा फिरवणारा तो गुंडाळदोर.

आता थोडा हिशेब. बूमलगत शिडाची रुंदी 4 मीटर, कापडाची जाडी 0.4 मिलिमीटर आणि दांड्याचा व्यास 20 मिलिमीटर मानू. वळकटीच्या टोकाकडून पाहिले तर कापड जेवढी जागा व्यापते तिचे क्षेत्रफळ लांबी गुणिले जाडी, म्हणजे 1600 चौरस मिलिमीटर. त्यात दांड्याचे 314 मिळवून व्यास काढला तर तो 49 मिलिमीटर येतो. पण वळकटी ढिली झाली आणि दर दोन थरांमध्ये कापडाच्या जाडीएवढी फट राहिली, तर हाच व्यास 67 होतो. पोकळी 60 मिलिमीटरची असेल तर घट्ट वळकटी तिच्यात आरामात मावते. ढिली मात्र शीड पुरते आत जाण्याआधीच भिंतीला घासू लागते. कापड तेच, नळीही तीच. फरक फक्त मधल्या हवेचा!

ढिलेपणा येतो कुठून? बहुतेक वेळा गुंडाळताना ओढदोर एकदम सोडून दिल्याने. त्याला थोडा ताण ठेवूनच सोडावे लागते. कापडाचा तागा गुंडाळणारा दुकानदार दुसऱ्या हाताने कापड ताणून धरतो, तसेच. बूम फार खाली किंवा फार वर असली तर सतरंजी तिरकी गुंडाळावी तशी वळकटी एका टोकाला फुगते. जुन्या शिडाचे कापड ताणून त्याला पोट सुटलेले असते; त्याच्या चुण्या पडतात आणि एखादी चुणी दुमडून खाचेत पाचरीसारखी बसते.

अशा वेळी विंचला आणखी जोर लावावा असे कोणालाही वाटेल. विंचमुळे बल कित्येक पटींनी वाढते खरे, पण त्याने पाचर अधिकच घट्ट होते, आणि कापड फाटेपर्यंत हाताला अंदाजही येत नाही. आधी नौकेचे तोंड जवळजवळ वाऱ्याकडे वळवायचे, म्हणजे शिडावरचा रेटा आणि त्यामुळे खाचेच्या कडेवर होणारे घर्षण कमी होते. 'जवळजवळ' म्हणण्याला कारण आहे. कापड वळकटीच्या उजव्या अंगाने सुटत असेल, तर मधल्या खाचेतून बाहेर पडताना ते डावीकडे कललेले असते. वारा किंचित उजवीकडून घेतला तर शीडही डावीकडे झुकते आणि कापड सरळ रेषेत जाते. उलट बाजूने घेतला तर ते कडेवर मोडून घासते.

यानंतरची युक्ती मात्र उफराटी वाटते. शीड बाहेर येत नसेल तर आधी ते आत गुंडाळायचे! ओढदोर ताणून धरायचा आणि गुंडाळदोराने दांडा थोडा आतल्या दिशेने फिरवायचा. किल्ली दिल्यावर घड्याळाची कमान आवळते तसे थर एकमेकांवरून सरकतात, मधली हवा जाते, वळकटी बारीक होते आणि भिंतीपासून सुटते. मग वीतभर बाहेर, पुन्हा थोडे आत, असे हाताच्या जोराने आठ-दहा वेळा करावे लागते. चुणी सुटली की शीड पूर्ण बाहेर काढून नीट ताणून परत गुंडाळायचे. इतके करूनही जमले नाही, तर मोकळे शीड सुट्या दोराने डोलकाठीभोवती आवळून बंदर गाठतात. काठीवर माणूस चढवायचा तो तिथे, पाणी शांत असताना. शीड कापणे हा अगदी शेवटचा उपाय.

वर्गात हे करून पाहता येईल. आतून 25 मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या नळीला करवतीने लांबीभर खाच पाडा आणि खाचेच्या कडा घासून गुळगुळीत करा. पेन्सिलीला मीटरभर लांबीची कापडी पट्टी चिकटवून पेन्सिल नळीत ठेवा व पट्टीचे टोक खाचेतून बाहेर काढा. पट्टीच्या 20 घड्या एकावर एक ठेवून मोजपट्टीने जाडी मोजा. ती 6 मिलिमीटरच्या आसपास भरेल असे कापड निवडा. आता पेन्सिल फिरवून पट्टी एकदा ताणून आणि एकदा सैल सोडून गुंडाळा. ताणलेली वळकटी सुमारे 21 मिलिमीटरची होईल आणि नळीत मावेल. सैल वळकटी कितव्या वेढ्याला अडते, ते विद्यार्थ्यांना आधी हिशेबाने काढायला सांगावे.