सत्य सांगणाऱ्याची पाठराखण

रुग्ण किती दिवस ताटकळला हे नोंदवहीवरून कळते, अशी आपली समजूत असते. पण नोंदवहीच खोटे बोलू लागली तर?

अमेरिकेतील फीनिक्स शहरी २०१४ साली हे उघडकीस आले. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत चौदा दिवसांच्या आत डॉक्टरांची भेट मिळावी, असे उद्दिष्ट ठरलेले होते आणि ते गाठल्याचे आकडे अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात धरले जात. डॉक्टर थोडे, रुग्ण फार. तेव्हा प्रतीक्षा घटण्याऐवजी तिची नोंद तेवढी घटली. महानिरीक्षकांनी २२६ रुग्णांची प्रकरणे तपासली. रुग्णालयाने सांगितलेली सरासरी प्रतीक्षा २४ दिवसांची होती, प्रत्यक्षातली ११५ दिवसांची. आणि सुमारे १,७०० सैनिकांची नावे अधिकृत यादीत नव्हतीच!

हे जगापुढे आले ते तेथे काम केलेल्या डॉ. सॅम फूट यांच्यासारख्या माहीतगारांमुळे. ३० मे २०१४ रोजी खात्याचे मंत्री एरिक शिनसेकी यांना पद सोडावे लागले.

परंतु असे बोलणाऱ्याला शिक्षा सहसा आडवाटेने होते. बदली होते, शेरा बिघडतो, हातचे काम काढून घेतले जाते. या खात्यातले अनेक कर्मचारी स्वतः माजी सैनिक आणि तेथलेच रुग्ण. तक्रार करणाऱ्यांच्या आजाराचे कागद सहकाऱ्यांनी अधिकार नसता चाळल्याचेही आढळले.

मग कायदा काय करतो? १९८९ च्या अमेरिकन कायद्याचे मर्म पुराव्याच्या ओझ्यात आहे. तक्रार हे कारवाईमागचे एक कारण होते, एवढेच कर्मचाऱ्याने दाखवावयाचे. तक्रार नसती तरीही हीच कारवाई झाली असती, हे मग खात्याने भक्कम पुराव्यानिशी सिद्ध करावयाचे. दुबळ्याच्या खांद्यावरचे ओझे बलवानाकडे सरकते, ते असे.

जून २०१७ मध्ये नव्या कायद्याने अशांच्या रक्षणासाठी खात्यातच स्वतंत्र कार्यालय स्थापले. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये महानिरीक्षकांनी अहवाल दिला, की हे कार्यालयच त्या कामी उणे पडले. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच घरात न्यायासन मांडले, तर दुसरे काय होणार?

म्हणून रक्षणकर्ता आरोपीच्या अधीन नसावा, हा या कथेचा धडा. तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद झाले, तर नुकसान त्याच्या एकट्याचे नसते. यादीत नाव नसलेला सैनिक दारातच बसून राहतो. आणि त्याच्यासाठी बोलणारे कोणी उरत नाही.