रबराने बांधलेली गड्डी आणि बुडालेली कंपनी

गेल्या विजयादशमीच्या आधी सोनपेठच्या आमच्या जुन्या घराला रंग द्यायला काढला. माळ्यावरची पत्र्याची पेटी बऱ्याच वर्षांनी खाली आली. तिच्यात आईचे जुने लुगडे, थोरल्या दादाचे शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र, रेशनचे जुने कार्ड आणि तळाशी सायकलच्या ट्यूबचे रबर कापून बांधलेली एक गड्डी निघाली. गड्डीत क्रिकेट खेळाडूंची लहान लहान कार्डे. आठ आण्याच्या च्युइंगगमबरोबर एक कार्ड मिळे. त्यावर खेळाडूचे चित्र आणि कोपऱ्यात आकडा असे, कुठे चार धावा, कुठे सहा, कुठे एक बळी.

दादाच्या मुलाने ती गड्डी हातात घेतली आणि त्याचे डोळे चमकले. तो औरंगाबादला शिकतो. (नाव बदलले, पण आमच्या तोंडी अजून जुनेच येते.) म्हणाला, “काका, अमेरिकेत असलं एक कार्ड पाच कोटीला गेलंय.” पुढे हळूच म्हणाला, “परदेशी कार्डांची बंद पाकिटं मिळतात. शिष्यवृत्तीतले चार हजार घालू का? एखादं भारी कार्ड निघालं तर तुमच्या घराचा रंग सुटेल.”

आम्ही लगेच हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. शिष्यवृत्तीचा पैसा कोणत्या मार्गाने आला आहे हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण पोराला नुसते दटावून भागत नाही, त्याच्यापुढे हकीकत ठेवावी लागते. म्हणून या धंद्याची माहिती काढत बसलो, आणि जी मिळाली ती वाचकांपुढेही ठेवावी असे वाटले.

पाच कोटींची गोष्ट खोटी नाही. बास्केटबॉलचा खेळाडू मायकेल जॉर्डन याचे १९८६ सालचे ५७ क्रमांकाचे कार्ड जानेवारी २०२१ मध्ये लिलावात ७ लाख ३८ हजार डॉलरला गेले. त्या वेळच्या भावाने पाच कोटी रुपयांहून अधिक. पुतण्याला कोणी सांगितले नव्हते ते असे, की त्याच प्रतीचे कार्ड काही महिन्यांतच त्याच्या निम्म्याहूनही कमी भावाने विकले जाऊ लागले. आणि ते छापणारी फ्लीयर नावाची कंपनी तर केव्हाच बुडाली होती. २००५ साली तिचे नाव ६१ लाख डॉलरला विकले गेले. म्हणजे जॉर्डनची तशी नऊ कार्डे ज्याच्यापाशी असती, त्याने त्या लिलावाच्या भावात कंपनीचे अख्खे नाव विकत घेतले असते आणि वर पैसे उरले असते. कार्ड कोटीचे आणि कार्डवाला कफल्लक, हे कसे झाले?

मुळात खेळाडूंची चित्रे विकण्याचा धंदा कोणी खेळाच्या प्रेमाने काढला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटची पाकिटे मऊ असत. सिगारेट मोडू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालत, आणि कोरा तुकडा घालण्यापेक्षा त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येते हे कारखानदारांच्या ध्यानात आले. सिगारेटनंतर आले च्युइंगगम. फिलाडेल्फियाची फ्लीयर ही मूळची गमचीच कंपनी. फुगा फुगवता येतो तो बबलगम १९२८ साली याच कंपनीच्या वॉल्टर डीमर नावाच्या हिशेबनिसाने बनवला. बबलगम गुलाबी का असतो? तर डीमरच्या हाताशी त्या दिवशी गुलाबीच रंग होता, म्हणून. आमच्या सोनपेठच्या दुकानातला गमही गुलाबीच होता. त्या हिशेबनिसाचा रंग इथवर पोचला होता म्हणायचा.

पण कार्डांच्या धंद्यात राज्य होते टॉप्स या ब्रुकलिनच्या कंपनीचे. १९५२ साली टॉप्सने बेसबॉल खेळाडूंचा मोठा संच काढला. (बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा लांबचा भाऊबंद समजा, दांडू गोल आणि धावण्याची वाट चौकोनी.) मागाहून काढलेला माल खपला नाही, गोदामात पडून राहिला. शेवटी १९६० साली टॉप्सच्या साय बर्गर यांनी ती खोकी बोटीवर चढवून समुद्रात टाकून दिली. त्याच संचातले मिकी मँटलचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. बाकीची बुडाली म्हणून उरलेल्यांना भाव आला. सगळ्या गोष्टीचे इंगित याच एका वाक्यात आहे, आणि पुढच्या लोकांनी नेमके तेच ध्यानात घेतले नाही.

१९५२ च्या त्या संचात जॅकी रॉबिन्सनचेही कार्ड आहे. काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या मोठ्या संघांत मज्जाव होता. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ती रेघ पुसली गेली. पाच वर्षांच्या आत एका सेंटच्या गमबरोबर त्याचे चित्र गोऱ्या पोरांच्या खिशातही जाऊ लागले. आमच्या गड्डीत पळवणकर बाळू नव्हते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेणारा, ज्याला पुण्याच्या क्लबात चहा बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई, तो आपला गोलंदाज. त्यांचे नाव आम्हाला शाळेत कळले नाही, गमच्या कागदावरही नाही. ते पुष्कळ उशिरा पुस्तकातून कळले. असो.

टॉप्सची मक्तेदारी मोडायला फ्लीयर १९७५ साली कोर्टात गेली. १९८० साली निकाल तिच्या बाजूने लागला, १९८१ मध्ये फ्लीयरची कार्डे बाजारात आली, आणि त्याच वर्षी वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. पण टॉप्सचा हक्क गमबरोबरच्या कार्डांपुरता धरला गेला. तेव्हा फ्लीयरने युक्ती केली. गमच्या कंपनीने गमच काढून टाकला आणि कार्डांबरोबर संघांच्या बोधचिन्हांची चिकटचित्रे घातली! वकिली डोके म्हणतात ते हे.

पुढची दहा वर्षे सुगीची. १९८९ साली फ्लीयरच्या एका कार्डावर बिली रिपकेन या खेळाडूच्या दांड्याच्या बुडाला हाताने लिहिलेली शिवी छापून गेली. कौटुंबिक पानावर ती लिहिता येत नाही. कंपनीने कधी काळा ठिपका, कधी पांढरा रंग, कधी रेघोट्या मारून ती झाकली, आणि लोकांनी या प्रत्येक झाकणीचे वेगळे कार्ड म्हणून पैसे मोजले. दिवस चांगले असले की चूकसुद्धा विकली जाते.

त्याच साली अपर डेक ही नवी कंपनी आली. तिने जाड कागद, चकाकते छाप, नक्कल न होणारी खूण आणली. मग सगळ्यांनीच संचांवर संच काढले. बापमाणसे मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी म्हणून न फोडलेली खोकीच्या खोकी कपाटात रचू लागली. जो तो जपून ठेवतो आहे, तर दुर्मिळ काय होणार? जुनी कार्डे महाग झाली ती पोरांनी सायकलच्या चाकात अडकवून फाडली म्हणून, आयांनी झाडून टाकली म्हणून. ही नवी कार्डे कोणी फाडलीच नाहीत. त्या काळची न फोडलेली खोकी आजही तिकडे कवडीमोलाने मिळतात.

१९९२ साली चित्रकथा छापणाऱ्या मार्व्हल कंपनीने फ्लीयर घेतली, १९९५ मध्ये स्कायबॉक्स ही आणखी एक कार्ड कंपनी १५ कोटी डॉलरला घेतली. कर्ज काढून घेतली. मधल्या काळात ऑगस्ट १९९४ मध्ये बेसबॉलचे खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षीची अंतिम स्पर्धाच रद्द झाली. खेळ बंद म्हटल्यावर चित्रे कोण घेणार! डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९९ साली फ्लीयर आणि स्कायबॉक्स मिळून २ कोटी ६० लाख डॉलरला गेल्या, म्हणजे एकट्या स्कायबॉक्सला दिलेल्या रकमेच्या जवळपास सहाव्या हिश्शात दोन्ही. बबलगमचा धंदा १९९८ सालीच कॅनडाच्या एका कंपनीला विकून झाला होता. हिशेबनिसाचा गम आजही विकला जातो, हे विशेष.

शेवटच्या वर्षांत गिऱ्हाईक टिकवायला काय काय केले गेले ते वाचून आम्हाला वाईट वाटले. खेळाडूंच्या अंगचे सदरे कापून त्यांचे चिंधीएवढे तुकडे कार्डात बसवायची पद्धत सगळ्याच कंपन्यांत पडली. डॉनरस कंपनीने तर बेब रूथ या थोर खेळाडूचा जुना गणवेश विकत घेऊन कापला. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टंकलेखन यंत्र कसे जिवापाड जपले आहे हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कापाकापीचे मर्म सांगायला नको.

दुसरी पद्धत वायद्याच्या कार्डांची. पाकिटात खेळाडूच्या सहीचे कार्ड न घालता ‘हे कार्ड पाठवा, सहीचे कार्ड घरपोच मिळेल’ असे लिहिलेली चिठ्ठी घालायची. २००४ साली अपर डेकने फ्लीयरला अडीच कोटी डॉलर देऊ केले होते. ते मालकांनी नाकारले. २००५ च्या आरंभी फ्लीयरने कार्डांचा धंदा बंद केला, मालमत्ता देणेकऱ्यांच्या स्वाधीन केली, आणि त्याच अपर डेकने नाव ६१ लाखांत घेतले. वायद्याच्या चिठ्ठ्या लोकांच्या हातात राहिल्या. त्यांतल्या काहींवर २००७ पर्यंतची मुदत छापलेली होती. मुदत होती, पण कंपनी नव्हती.

हे वाचताना आम्ही थांबलो, कारण आमच्याही घरातून एक पाकीट असेच गेले होते. १९८७ ची गोष्ट. आपल्याकडे विश्वचषक होता. सोनपेठ तेव्हा तालुक्याचे गाव नव्हते. वडील आडतीवर हमाली करत, आई निंदणी-खुरपणीला जाई. पाचशे धावा जमल्या की चित्रांची पुस्तिका घरी येणार असे त्या गमच्या जाहिरातीत होते. कंपनीचे नाव कशाला सांगावे? दादा आणि आम्ही आठ आणे, आठ आणे करत दिवाळीपर्यंत पाचशे धावा जमवल्या. चाराचाराची कार्डे कितीदा तरी आली. आई म्हणाली, “लेकरांनो, ह्या चिठ्ठ्यांनी डब्यात पीठ येतंय व्हय रं?” तरीही रजिस्टर पोस्टाचे पैसे तिनेच लुगड्याच्या गाठीतून सोडून दिले. पाकीट मुंबईला गेले. पोस्टमनमामांना आम्ही रोज विचारायचो. ते आधी “येईल” म्हणायचे, मग नुसतेच हसायचे, आणि उन्हाळ्यात एकदा आम्हाला लांबूनच पाहून गल्ली बदलून गेले. पोचपावती तेवढी आली. ती गड्डीतच निघाली, शाई पुसट झालेली.

पुतण्याचे म्हणणे असे, की ती कागदाची जुनी गोष्ट झाली, आता सगळे फोनवर. त्याचाही हिशेब पाहू. क्रिकेट खेळाडूंची अंकीय कार्डे विकणाऱ्या फॅनक्रेझ कंपनीत मार्च २०२२ मध्ये १० कोटी डॉलर, आणि रारियो कंपनीत पुढच्याच महिन्यात १२ कोटी डॉलर गुंतवले गेले. रारियोतल्या गुंतवणुकीत पुढाकार मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्सच्या गुंतवणूक शाखेचा होता. पण त्याच १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के आयकर लागला, जुलैपासून प्रत्येक व्यवहारावर १ टक्का कपात आली, आणि जगभर या बाजाराचे भाव कोसळले. रारियोने मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग यांच्यासारख्या खेळाडूंना बरोबर घेऊन दुसऱ्या कंपनीवर दावा केला, की खेळाडूंचे हक्क आम्ही घेतले आहेत, तुम्ही त्यांची नावे वापरू नका. २६ एप्रिल २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई हुकूम द्यायला नकार दिला. खेळाडूचे नाव आणि त्याच्या धावा ही सर्वांना उघड असलेली माहिती आहे, असा त्याचा रोख होता. ज्या हक्कावर कार्डवाला उभा असतो तो किती पातळ असतो पाहा. टॉप्सचेच घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये बेसबॉल मंडळाने आणि खेळाडूंच्या संघटनेने पुढचा परवाना फॅनॅटिक्स या कंपनीला दिला, आणि जानेवारी २०२२ मध्ये सत्तर वर्षांच्या गादीवरची टॉप्सची कार्डे सुमारे ५० कोटी डॉलरला फॅनॅटिक्सच्याच पदरात पडली. यंत्रे तीच, कामगार तेच. परवाना गेला तशी कंपनीची किंमतही गेली.

हे सगळे आम्ही दादाच्या ओसरीवर पुतण्याला दोन संध्याकाळ सांगितले. तो मध्येमध्ये फोनवर पडताळून पाहत होता आणि दोन ठिकाणी त्याने आमचे आकडे दुरुस्तही केले. चार हजारांविषयी तो काही बोलला नाही. आम्हीही विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी रंगारी आले तेव्हा पेटी पुन्हा वर ठेवायची होती. पुतण्या ओट्यावर बसून गड्डीतली कार्डे चाराची वेगळी, सहाची वेगळी लावत होता. दादा शेजारी बसून मोजत होते. मुंबईला पाकीट गेल्यानंतरही, उत्तर येईल म्हणून, दोघे भाऊ किती दिवस गम घेत राहिलो होतो ते तेव्हा कळले. एकशे अठ्ठ्याऐंशी धावा भरल्या.

“तीनशे बारा कमी पडल्या,” दादा म्हणाले आणि त्यांनी रबर पुन्हा चढवायला घेतले. इतक्या वर्षांचे ते रबर हातातच तुटले. पुतण्याने आपल्या वहीला लावलेले रबर काढून दिले.