सिनेमा ‘विस्कळीत’ आहे, म्हणजे नेमकं काय? : मतापासून संशोधन-प्रश्नापर्यंत

पीएचडीच्या मुलाखतीत लोकप्रिय सिनेमाचा विषय मांडला की एक प्रश्न हमखास येतो: “सिनेमा वाईट आहे हे सगळ्यांना माहीत आहे. यात संशोधन कुठे आहे?” इथे बरेच जण गडबडतात आणि सिनेमा कसा चांगला आहे हे सांगायला लागतात. त्याची गरज नसते. मताचं रूपांतर तपासता येईल अशा प्रश्नात कसं करायचं, ते आज एक उदाहरण घेऊन बघू.

उदाहरण आहे २०११ चा ‘अ‍ॅबडक्शन’. दिग्दर्शक जॉन सिंगलटन, म्हणजे ‘बॉइज एन द हूड’साठी (१९९१) ऑस्करचं नामांकन मिळवणारे सगळ्यात तरुण दिग्दर्शक. नायक टेलर लॉटनर, ‘ट्वायलाइट’मधला जेकब. पिट्सबर्गमधल्या नेथन या शाळकरी मुलाला हरवलेल्या मुलांच्या वेबसाइटवर स्वतःचाच लहानपणीचा फोटो सापडतो. मग मारेकरी येतात, सीआयए येते, आणि तो शेजारच्या कॅरनला (लिली कॉलिन्स) घेऊन पळत सुटतो. अधूनमधून प्रेम, अधूनमधून पाठलाग. समीक्षकांनी झोडपला, तरी सुमारे साडेतीन कोटी डॉलरच्या सिनेमाने जगभरात आठ कोटींच्या वर कमाई केली.

आता पहिला मोह आवरा. ‘रॉटन टोमॅटोज’वर याचा आकडा एकेरी आहे, म्हणून ‘सिनेमाला शंभरपैकी दहाही मार्क नाहीत’ असं लिहू नका. तो आकडा म्हणजे मार्क नव्हेत. किती टक्के समीक्षणं अनुकूल होती, एवढंच तो सांगतो. सगळ्यांनी ‘ठीकठाक, बघायला हरकत नाही’ म्हटलं तरी तो १०० होऊ शकतो. कुठलाही निर्देशांक वापरण्याआधी तो नेमकं काय मोजतो हे विचारायचं, ही सवय आत्ताच लावून घ्या.

दुसरी पायरी: मतामागचं गृहीतक शोधा. ‘प्रेमकथा घुसडल्यामुळे थरार बिघडला’ या वाक्यात ‘दोन गोष्टी एकत्र केल्या की सिनेमा विस्कळीत होतो’ हे गृहीत धरलेलं आहे. ते टिकतं का? डेव्हिड बोर्डवेल, जॅनेट स्टायगर आणि क्रिस्टिन थॉम्पसन यांच्या १९८५ च्या अभिजात हॉलिवूडवरील ग्रंथात १९१५ ते १९६० मधल्या १०० सिनेमांचा नमुना आहे. त्यातल्या ९५ सिनेमांत कथेच्या निदान एका धाग्यात प्रेमप्रकरण होतं. म्हणजे दोन धागे असणं हा दोष नाही, तो तर हॉलिवूडचा नेहमीचाच साचा. मग प्रश्न बदलतो: दोन धागे एकमेकांत *विणले* कसे जातात?

इथे तुलना कामाला येते. हिचकॉकच्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्ये (१९३५) नायक-नायिका एकाच बेडीत अडकून पळतात. पाठलागच त्यांना जवळ आणतो. बेडी काढून टाका, पुढचे प्रसंग उभेच राहत नाहीत. आता ‘अ‍ॅबडक्शन’ बघा. सुरुवातीला वीण पक्की आहे: शाळेच्या प्रोजेक्टसाठी नेथन आणि कॅरनची जोडी लागते आणि त्या प्रोजेक्टमुळेच ते त्या वेबसाइटपर्यंत पोचतात. पण पुढे ट्रेनमध्ये आधी चुंबन, मग मारामारी. चुंबन वगळलं तर मारामारी टळते का? नाही, मारेकरी गाडीत चढलेलाच आहे. दोन प्रसंग शेजारी आहेत, पण एकामुळे दुसरा घडत नाही.

यातून गृहीतक असं मांडता येईल: *सिनेमा पुढे सरकतो तसे प्रेम आणि पाठलाग यांच्यातले कार्यकारण-दुवे कमी होत जातात.* हे तपासता येतं, आणि मुख्य म्हणजे चूकही ठरू शकतं.

पद्धत साधी आहे. एक एक्सेल शीट उघडा, प्रत्येक प्रसंगाला एक ओळ. रकाने पाच: प्रसंग क्रमांक, कालावधी, धागा (प्रेम, पाठलाग की दोन्ही), आधीच्या प्रसंगाशी दुवा (कारण की नुसता क्रम), आणि ‘हा प्रसंग वगळला तर पुढचं काय कोसळतं?’. नियम आधी लिहून ठेवा. मग एखाद्या मैत्रिणीला तुमचं उत्तर न दाखवता तीच शीट भरायला सांगा. तुमचं दोघींचं जमत नसेल तर दोष सिनेमात नाही, तुमच्या व्याख्येत आहे. ती आधी दुरुस्त करा. शेवटी त्याच काळातले, त्याच प्रकारचे दोन-तीन सिनेमे याच नियमांनी तपासा. एका सिनेमावरून ‘टीन थ्रिलर असेच असतात’ म्हणता येत नाही.

मर्यादाही ओळखा. ही शीट वीण कुठे सैल झाली ते दाखवेल. प्रेक्षक कंटाळले का, हे ती सांगणार नाही. त्यासाठी प्रेक्षकांकडेच जावं लागेल. आणि वीण *का* सैल झाली, पटकथेमुळे, संकलनामुळे की स्टारच्या चाहत्यांसाठी, हा तिसराच प्रश्न, त्याला निर्मितीची कागदपत्रं लागतात.

तेव्हा मुलाखतीत तो प्रश्न आला की सिनेमाची बाजू घेऊ नका. शांतपणे सांगा: “सर, सगळे वाईट म्हणतात हे मान्य. तो नेमका कुठे आणि कसा सुटतो, हे मला मोजून दाखवायचंय.” पुढची चर्चा मग तुमच्या पद्धतीवर होईल, आवडीनिवडीवर नाही.