बाबा रजेवर येतात तेव्हा

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. अशा सैनिकी परंपरेच्या गावांत एक प्रसंग अनेक घरांत घडतो. जवान सहा महिन्यांनी रजेवर येतो, लेकराला उचलायला हात पुढे करतो आणि दोन वर्षांचं लेकरू रडत आजीच्या पदराआड लपतं. सगळे हसतात, बापाच्या मनाला मात्र लागतं.

यात लेकराचं काही चुकत नाही. सहा महिने हे त्याचं पाव आयुष्य असतं. या वयात माणूस ओळखीचा होतो तो रोजच्या सहवासातून, फोटोतून नव्हे.

थोड्या मोठ्या मुलांचा त्रास वेगळा दिसतो. अमेरिकेतील एका मरीन तळावरील दीड ते पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आई किंवा वडील युद्धभूमीवर असलेल्या, तीन वर्षांवरच्या मुलांमध्ये वर्तनाच्या तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त आढळल्या. हट्ट, मारणं, चावणं, झोपेत दचकणं, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येणं, या सगळ्यातून मूल आपली अस्वस्थता सांगत असतं. त्याला खोडकर म्हणून फटके दिले तर ती वाढते.

घरच्यांनी काही गोष्टी टाळाव्यात. मूल झोपलेलं असताना बाबांनी गुपचूप निघून जाऊ नये. ‘बाबा उद्या येतील’ अशी खोटी समजूत घालू नये. ‘बाबांना फोनवर नाव सांगेन’ ही धमकीही नको. लांबच्या बापाची ओळख धाक म्हणून होऊ नये.

जेवणाखाण्याच्या, झोपेच्या वेळा आणि घरातले नियम बाबा असताना-नसताना सारखेच ठेवावेत. व्हिडिओ कॉल थोडा वेळच करावा, पण त्यात एखादं गाणं किंवा गोष्ट ठरलेली असावी. रजेवर आल्यावर पहिले काही दिवस बाबांनी मुलाजवळ नुसतं बसावं, खेळावं. शिस्त लावायची घाई करू नये. मूल आपणहून जवळ येतं.

सगळ्यात मोठा आधार असतो तो मागे राहिलेल्या आईचा. तिची झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, तर आधी तिला मदत हवी. मुलाची लक्षणं महिनाभर टिकली, किंवा ते बोलायचं, खायचं कमी झालं, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.